भीतीच्या देवळातले मास्तर

सन अठ्ठेचाळीस. मी तेव्हा बावीस वर्षांचा, गवंडीकाम करणारा गडी होतो. शाळा म्हणाल तर करमाडला दुसरीपर्यंत, तीही निम्मी उर्दूत. त्यामुळं माझ्या लिहिण्यात चुका निघतील. निघू द्या. पण जे सांगतोय ते मी वरून पाहिलंय, आणि तिथून पाहणारा दुसरा कुणी नव्हता. म्हणून मीच लिहिणार.

औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीत विष्णुपंत मास्तर राहायचे. माझी खोली त्यांच्या भिंतीला लागून. सरकारी हायस्कुलात ते तवारीख शिकवायचे, म्हणजे इतिहास. नोकरी निजामाची, शिकवणं उर्दूत, घरात बोलणं मराठी आणि डोक्यात कायम युनान. युनान म्हणजे ग्रीस देश, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्याआधी युनानी म्हटलं की मला हकिमाच्या काढ्याच्या बाटल्या आठवायच्या. गल्लीतले लोक त्यांना युनानी मास्तर म्हणायचे. मागून भित्रा मास्तर म्हणायचे.

ते भ्यायचे हे खरंच होतं. मी त्यांच्याइतका भिणारा माणूस दुसरा पाहिला नाही. सायकलची घंटी ऐकली की ते रस्ता सोडून भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, सायकल दूर गेली तरी तसेच. पालीला भ्यायचे. कुत्र्याला तर भ्यायचेच, पण कुत्रं झोपलेलं असलं तर जास्त भ्यायचे, म्हणायचे, "जागं असलं की निदान त्याच्या मनात काय आहे ते कळतं." आभाळ गडगडलं की घोंगडी डोक्यावरून घेऊन बसायचे आणि आतूनच काकूंना विचारायचे, "गेलं का गं?" काकू म्हणायच्या, "गेलं. तुमची चौकशी करून गेलं."

काकू म्हणजे त्यांची बायको. कडक सोवळ्याची बाई. मास्तर कुणाच्याही हातचं खायचे, मुसलमानाच्या हॉटेलात चहा प्यायचे, पण काकूंच्या स्वयंपाकघराचा उंबरा मास्तरांनासुद्धा अंघोळ केल्याशिवाय ओलांडता येत नव्हता. मग आमच्यासारख्यांचं नावच नको.

संध्याकाळी मास्तर ओट्यावर बसायचे. मी काम आटपून यायचो. आठवड्याच्या बाजाराला देवगाव रंगारीचा इमामभाई यायचा. तो कापड रंगवायचा. पिढ्यान्‌पिढ्या निळीत हात घालून घालून त्याचे हात कोपरापर्यंत निळे. नखं तर काळीच. रंगवलेली लुगडी विकली की तोही ओट्याच्या पायरीवर येऊन टेकायचा. मग मास्तरांचं युनान सुरू व्हायचं. तिथले लोक जवाची भाकरी खातात आणि दारूत पाणी घालून पितात. नुसती पिणाऱ्याला रानटी समजतात. तालमीत अंगाला तेल चोपडून उघडेनागडे कुस्ती खेळतात. हे ऐकून मी म्हटलं, "लंगोट बी नाय?" मास्तर म्हणाले, "लंगोटसुद्धा नाही." इमामभाई तोंडावर निळा हात ठेवून हसला. आतून काकूंच्या बांगड्या वाजल्या. काकू ओट्यावर कधी येत नसत, पण बांगड्या वाजल्या की समजायचं, दाराआड तांदूळ निवडत ऐकताहेत.

एकदा मी सरळ विचारलं, "मास्तर, एवढं भिता कशापायी?"

ते रागावले नाहीत. उलट खुलले. म्हणाले, "सखाराम, युनानात स्पार्टा नावाचं गाव होतं. त्यांच्यासारखे लढवय्ये दुनियेत नव्हते. त्या गावात भीतीचं देऊळ होतं, बरं का."

"भीतीचं? देवीचं असंल."

"भीतीचंच. तिची पूजा करायचे. त्यांचं म्हणणं, जो बदनामीला भितो, कायद्याला भितो, तोच रणात उभा राहतो. भीती गाव बांधून ठेवते."

इमामभाई म्हणाला, "फिर तो मास्तरसाब, आप उस मंदिर के पुजारी!"

"छे हो," मास्तर म्हणाले, "मी नुसता पायरीवरचा भिकारी."

त्या वर्षी त्यांची लेक सुमन बाळंतपणाला आली होती. तिला मुलगी झाली. बारशाला मास्तरांच्या डोक्यात आलं, की युनानात नवं लेकरू घेऊन चुलीभोवती पळत प्रदक्षिणा घालतात, म्हणजे ते त्या घराचं होतं, आपणही करू. लेकरू दोन्ही हातांत घट्ट धरून ते उंबऱ्यापाशी गेले. आतून काकू कडाडल्या, "पाऊल टाकाल तर खबरदार! माझ्या सोवळ्यात धावायचं नाही. आणि ज्यांना झुरळ दिसलं तरी उडी मारायची सवय, त्यांनी तान्हं घेऊन पळू नये." मास्तर बाहेरूनच म्हणाले, "मग तूच घाल की प्रदक्षिणा." काकूंनी घातली नाही. पण मास्तर परत ओट्यावर येऊन बराच वेळ आम्हाला चुलीचीच माहिती देत होते. युनानात घराचा देव चुलीत असतो. नवी नवरी आली की तिला चुलीपाशी बसवून डोक्यावर सुकामेवा ओततात. आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली.

अथेन्स नावाच्या शहराचा एक मोठा सेनापती. लढाई जिंकून दिली, आणि पुढं त्याच शहरानं त्याला हाकलला. मागं मारेकरी लागले. पळता पळता तो एका राजाच्या घरी गेला, आणि तो राजा त्याचा जुना वैरी. राजा घरी नव्हता. राणी होती. राणीनं त्याला सांगितलं, माझं लेकरू मांडीवर घे आणि चुलीपाशी जाऊन बस. कारण चुलीपाशी जो शरण बसला त्याला बाहेर काढता येत नाही, अशी त्यांची रीत. राजा आला, वैऱ्याच्या मांडीवर आपलं पोर पाहिलं, आणि मारेकऱ्यांना म्हणाला, हा मिळणार नाही.

"अन् शरण यायचं म्हंजे नुसतं बसायचं?" मी विचारलं.

"नाही तर समोरच्याचे गुडघे धरायचे. दोन्ही हातांनी. मग तो लाथ मारू शकत नाही."

इमामभाई आपल्या निळ्या हातांकडं बघत राहिला.

ते दिवस भीतीचेच होते. आधी रझाकारांची भीती. करमाडला आमच्या कडब्याच्या गंजीला त्यांनी आग लावली आणि माझ्या बापाला रस्त्यावर लोळवून मारलं. बाप त्यानंतर सरळ चालला नाही. तेव्हा मला कुणी त्या लोकांची दया शिकवू नये. मग डोक्यावरून विमानं गेली, फौज आली, पोलिस ॲक्शन झाली. झेंडे लागले. आम्ही नाचलो. पण दोन-चार दिवसांत खेड्यांतून मुसलमानांना मारल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि भीतीनं नुसती घरं बदलली. कालपर्यंत आम्ही कडी लावून बसत होतो, आता ते. रात्रीचं सोडा, दुपारीसुद्धा गल्लीत पावलांचा आवाज आला की सगळी दारं लागायची. मास्तर तर चार पावलांवरच्या वाण्याकडं जाऊन आले तरी घामानं भिजलेले असायचे.

पावसानं त्यांचं माळवद गळत होतं. त्या दुपारी मी वर पांढरी माती पसरून चोपत होतो. स्वयंपाकघराच्या वर धुराडं होतं, त्यावर फुटकं मडकं पालथं घातलेलं. कडा लिंपायच्या म्हणून मी मडकं काढून बाजूला ठेवलं. खाली चूल दिसली. काकूंचं स्वयंपाकघर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते असं, वरून.

मास्तर घरी नव्हते. मागच्या दारी कुणीतरी हळूच थाप मारली. काकूंनी दार उघडलं. मी वाकून पाहिलं तर इमामभाई. डोक्यावर काही नाही, एका पायात जोडा, दुसरा पाय चिखलानं आणि रक्तानं भरलेला. नुसता उभा. काकूही उभ्या. मला वाटलं, दार लावतील.

काकू म्हणाल्या, "आत या."

"कहाँ, भाभी?"

"चुलीपाशी."

"तुमच्या चुलीपाशी? नको. तुमाला पाप लागंल."

"माझ्या पापाचं मी बघीन. बसा."

मग धुराड्यातून मला दिसलं. इमामभाई चुलीच्या कडेला टेकून बसला. काकू बाहेर गेल्या, सुमनच्या खोलीतून तान्हं घेऊन आल्या आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "धरा हिला. मान सांभाळा." त्या निळ्या हातांत ते लेकरू असं दिसत होतं की मला बघवेना.

मास्तर आले. उंबऱ्यापाशी थिजले. वाण्याची पुडी हातातून पडली.

"अगं, हे काय केलंस?"

"तुम्हीच सांगितलंत ना, राणीनं पोर मांडीवर दिलं म्हणून?"

"ती गोष्ट होती गं!"

"मला काय ठाऊक, तुम्ही ओट्यावर खोटं सांगता ते."

मास्तर मटकन खाली बसले. दाताला दात वाजत होते, ते मला वरपर्यंत ऐकू येत होते. "हे सापडले तर घर पेटवतील."

"पेटवतील," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? पुढचं दार लावा."

दार लावायला वेळच मिळाला नाही. देवगावकडची माणसं आली. पाच-सहा असतील. पुढं दाजीबा. मी त्याला बाजारात पाहिलेला, शेतकरी माणूस, खांद्यावर कुऱ्हाड. त्याच्या थोरल्या भावाला रझाकारांनी घरातून ओढून नेऊन मारलं होतं, आणि घर दाखवलं ते इमाम रंगाऱ्यानं, असं गावात कुणीतरी म्हणालं होतं. खरं की खोटं, मला ठाऊक नाही. दाजीबालाही ठाऊक नसावं. पण भाऊ मेला होता हे खरं.

"मास्तर, राम राम," दाजीबा म्हणाला. "इकडं शिरलाय त्यो. घर बघायचंय."

मास्तरांच्या तोंडातून "बघा" असं काहीतरी निघालं. त्यांनी खोली पाहिली. सुमन बाळंतिणीच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. दाजीबा तिथूनच मागं फिरला. न्हाणी पाहिली, सरपणाखाली पाहिलं. अंगणातून एकानं वर मान केली. "ए गवंडी! वरून काय दिसतंय का?"

"मला माझं काम दिसतंय," मी म्हटलं आणि चोपणं मातीवर आपटलं. तेव्हा मी गप्प का राहिलो, भीतीनं की आणखी कशानं, ते मला आजही कुणी विचारू नये.

शेवटी ते स्वयंपाकघरापाशी आले. काकू दार मागं ओढून उंबऱ्यात उभ्या. दाजीबाचे पाय आपसूक थांबले. बामणाच्या स्वयंपाकघरात चपला घालून शिरायचं त्याच्या हाडातच नव्हतं. शिवाय तिथं मुसलमान असेल असं जगात कुणाला वाटेल?

एकजण मागून म्हणाला, "ह्यो मास्तर कुटं सोवळं पाळतो? हाटेलात च्या पितो."

"त्यो पितो," दाजीबा म्हणाला. "बाई पाळतात. चला माघारी."

तो वळलाच होता. तेवढ्यात आत लेकरू रडलं.

तान्ह्याचं रडणं ते, त्यात काय? पण मी वर होतो, आणि माझं चोपणं हातात तसंच राहिलं. लेकरू एकदा रडलं, मग टाहो फोडला. आणि मग गप्प झालं. एकदम नाही, कुणीतरी थोपटल्यावर होतं तसं, हळूहळू. धुराड्यातून मला निळा हात दिसत होता, तिच्या पाठीवर. थप, थप, थप.

काकू उंबऱ्यात. सुमन बाजेवर. मास्तर अंगणात. मग आत थोपटतंय कोण?

दाजीबा परत वळला. त्यानं काकूंच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्याला कळलं. कुऱ्हाड खांद्यावरून हातात आली.

तेव्हा मास्तर हलले. आधी मला वाटलं पडले. ते गुडघ्यांवर आले, तसेच पुढं सरकले आणि दाजीबाचे दोन्ही गुडघे त्यांनी हातांनी कवटाळले. धोतरासकट. डोकं त्याच्या मांडीला टेकलं. सगळं अंग थरथरत होतं, आणि त्यांनी धरलेला दाजीबासुद्धा थरथरल्यासारखा दिसत होता.

दाजीबा किंचाळलाच. "मास्तर! आवो, काय करताय? बामन मानूस, त्यात गुर्जी तुमी, अन् माज्या पाया पडताय? पोराबाळांवर पाप चढंल माज्या! सोडा!"

"नाही सोडत."

"सोडा म्हंतो ना!"

"तुम्ही जा. मग सोडतो."

"आवो त्यानं माज्या भावाला…" दाजीबाचा आवाज फाटला. त्यानं पाय सोडवून घ्यायला पाहिलं, पण जोर लावेना. म्हाताऱ्या बामणाला झटकून टाकायचं त्याला धाडस होईना. कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस, पण ह्या पापाला तो भ्याला. अंगणात लेकराचं उसासणं तेवढं ऐकू येत होतं.

मग दाजीबा हळू आवाजात म्हणाला, "हितं कोन नाय. चला रे."

"आरं पन दाजीबा, ते लेकरू आपोआप कसं…"

"लेकरं रडायची थांबत्यात आपल्या मनानं. तुला हायत का लेकरं? चल म्हन्लं ना!"

ते गेले. जाताना दाजीबा रडत होता. मी वरून पाहिलं. मास्तरांचे हात मात्र तसेच गोल धरलेले राहिले, मध्ये पाय नसताना. काकूंनी खाली बसून त्यांची बोटं उघडली. मास्तरांनी विचारलं, "दार लावलं का?"

इमामभाई काही दिवस त्या चुलीपाशीच राहिला. फौजेचा पहारा नीट बसल्यावर तो मास्तरांची जुनी शाल पांघरून, हात आत लपवून, नात्यातल्या लोकांकडं निघून गेला. पुन्हा बाजारात दिसला नाही. तो गेला त्या दिवशी काकूंनी सगळं स्वयंपाकघर शेणानं सारवलं, गोमूत्र शिंपडलं, तुळशीचं पान ठेवलं. मास्तर बाहेरून म्हणाले, "आता हे कशाला?" काकू म्हणाल्या, "माणूस ठेवला तो तुमच्या युनानच्या रीतीनं. सारवते ती माझ्या रीतीनं. मध्ये बोलू नका."

गल्लीत लोक हसले. भित्र्या मास्तरांचे पाय गळाले आणि कुणब्याच्या पायावर पडले, असं म्हणायचे. म्हणू द्या. ते खाली होते, मी वर होतो. तरी एकदा मी विचारलंच, "मास्तर, तुमी गुडघे धरले ते युनानच्या रीतीनं, का पाय गळाले?"

मास्तर म्हणाले, "खरं सांगू, सखाराम? आठवत नाही. मला फक्त त्याच्या धोतराचा वास आठवतो. ओल्या मातीचा."

त्यानंतर त्यांची भीती कमी झाली असेल असं वाटत असेल तर तसं नाही. वाढली. कुणी दार वाजवलं की ते आधी स्वयंपाकघराकडं बघायचे. दाजीबा परत येईल, आग लावतील, पोलिस विचारतील, किती तऱ्हा. ओट्यावर बसणं चालू राहिलं, युनान चालू राहिलं, पण चुलीची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. मी म्हटलं तर म्हणाले, "ती आता घरातच राहते. बाहेर काढायला भीती वाटते."

काही वर्षांनी ते रिटायर झाले आणि दोघं लेकीकडं नागपूरला राहायला निघाले. सामान टांग्यात चढवायला मी होतो. काकू आधी बसल्या. मास्तर घोड्यापासून लांबून, भिंतीच्या कडेकडेनं, टांग्यामागं आले. मी हात दिला तेव्हा त्यांचा हात गार होता.

"सखाराम, घोडा शांत आहे ना?"

"लई गरीब हाय, मास्तर."

"झोपलेला तर नाही?"

"जागा हाय."

"मग ठीक," म्हणाले. टांगा हलला. त्यांनी दोन्ही हातांनी बैठकीची कड धरली, डोळे गच्च मिटले, आणि तसेच गल्लीच्या टोकाला वळून गेले. तेवढंच शेवटचं.

घरमालकानं मला सांगून ठेवलं होतं की नवे भाडेकरू स्टोव्हवाले आहेत, ती चूल फोडून जमीन सपाट करून दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गेलो. कुदळ घरीच ठेवली. त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच दारातून शिरलो. आमच्यात बाप्या माणूस चूल सारवत नाही. मी शेण कालवलं, खाली बसलो आणि चूल सारवली.